हरणांसाठी झाडं का तोडतात?

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं सुमारे 70 टक्के जंगल खासगी मालकीचं आहे. त्यामुळे तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांना चारा आणि आडोसा मिळणं बऱ्याच अंशी जमीनमालकांच्या हातात असतं.

झाडं तोडून फायदा कसा?

जंगल दाट झालं की जमिनीपर्यंत ऊन पोहोचत नाही. खाली झुडपं, रोपं वाढत नाहीत आणि उंचावरच्या पाल्यापर्यंत हरणाचं तोंड पोहोचत नाही. म्हणून मालक निवडक झाडं तोडतात. ऊन मिळताच खाली कोवळा पाला फुटतो, लपायला जागाही होते. ओकची चांगली झाडं मात्र राखतात, कारण त्यांची फळं खाऊन हरणं हिवाळ्याआधी अंगावर चरबी धरतात.

मग अडचण कुठे?

हरणं जास्त झाली तर ती ओकची रोपंच फस्त करतात. मग त्यांना न आवडणारे नेचे माजतात आणि नवं जंगल उभंच राहत नाही. म्हणून काही मालक तोडलेल्या भागाला उंच कुंपण घालतात. 2003 पासून अशा जमिनींवर शिंगं नसलेल्या, म्हणजे मुख्यतः मादी हरणांच्या शिकारीसाठी जादा परवानेही मिळतात.

थोडक्यात, झाडं तोडणं हे अर्धंच काम. हरणांची संख्या आटोक्यात राहिली तरच त्यांचं जंगल टिकतं.