तज्ज्ञांची विचारशैली आणि निर्णयाची गुणवत्ता

तज्ज्ञांची विचारशैली आणि निर्णयाची गुणवत्ता हा निर्णय-मानसशास्त्रातील अभ्यासविषय आहे. तज्ज्ञाला किती माहिती आहे यापेक्षा तो विचार कसा करतो, यावर त्याच्या अंदाजांची अचूकता अधिक अवलंबून असते, असे या क्षेत्रातील प्रमुख प्रतिपादन आहे.

टेटलॉक यांचे संशोधन

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी २८४ तज्ज्ञांचे राजकीय व आर्थिक अंदाज सुमारे दोन दशके नोंदवून पडताळले व निष्कर्ष इ.स. २००५ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. आयझाया बर्लिन यांच्या १९५३ मधील निबंधाच्या आधारे त्यांनी तज्ज्ञांचे दोन प्रकार मानले. प्रत्येक घटना एकाच मोठ्या सिद्धांतात बसवणारे 'हेजहॉग' (काटेरी अंगाचा लहान प्राणी), तर अनेक स्रोत पडताळून मत बदलणारे 'कोल्हे'. कोल्ह्यांचे अंदाज अधिक अचूक ठरले. प्रसिद्धी आणि अचूकता यांचा संबंध मात्र उलटा आढळला.

मोसमी पावसाचे उदाहरण

अंदाज पडताळून पद्धत सुधारण्याचे महत्त्व भारतीय हवामान विभागाच्या अनुभवातून दिसते. शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेले सोळा घटकांचे प्रारूप १९८८ पासून वापरात होते. २००१ पर्यंत देशव्यापी दुष्काळ पडला नाही व प्रारूपावरील विश्वास वाढला. २००२ मध्ये सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज असताना प्रत्यक्षात सुमारे ८१ टक्के पाऊस झाला. त्यानंतर २००३ मध्ये आठ व दहा घटकांची नवी प्रारूपे स्वीकारण्यात आली आणि एप्रिलमधील अंदाज नंतर सुधारून देण्याची पद्धत सुरू झाली. २००७ पासून अनेक प्रारूपांच्या एकत्रित निष्कर्षावर भर देण्यात आला.

व्यावहारिक महत्त्व

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यासारख्या कोरडवाहू भागात कापूस, सोयाबीन व तूर यांची पेरणी पावसाच्या आगमनावर अवलंबून असते. पेरणीनंतर पावसाने ओढ दिल्यास दुबार पेरणी करावी लागते व बियाण्यांचा खर्च दुप्पट होतो. देशपातळीवरील हंगामी सरासरीवरून एखाद्या तालुक्यातील पावसाचे खंड कळत नाहीत. म्हणून अंदाजातील अनिश्चितता स्पष्ट सांगणे, हा तज्ज्ञाच्या निर्णयाच्या गुणवत्तेचाच भाग मानला जातो.

मर्यादा

विचारशैलीचे हे दोन प्रकार म्हणजे एकाच पट्ट्याची दोन टोके असून बहुतेक तज्ज्ञ मधे कुठेतरी असतात. शिवाय जेथे चूक लगेच व स्पष्टपणे कळते, अशा क्षेत्रांत दीर्घ अनुभवातून आलेली अंतःप्रेरणाही विश्वसनीय ठरू शकते, असे डॅनियल कानेमान व गॅरी क्लाइन यांनी २००९ मध्ये मांडले.