गर्भारपणातील योनिकवकसंसर्ग व हॅमायसीन
गर्भारपणात हॉर्मोनांच्या पातळीत होणाऱ्या बदलांमुळे योनिमार्गात कँडिडा या यीस्टसदृश कवकाची अतिवाढ होते. या विकारावर वापरले गेलेले हॅमायसीन हे प्रतिजैव (अँटिबायोटिक) औषध पिंपरी (जि. पुणे) येथे शोधले गेले.

गर्भारपणात वारेतून इस्ट्रोजेन हे हॉर्मोन मोठ्या प्रमाणात स्रवते व योनीच्या अस्तरातील कोशिकांत ग्लायकोजेनाचा साठा वाढतो. लॅक्टोबॅसिलस जंतू त्यापासून दुग्धाम्ल तयार करतात. या अम्लतेमुळे बहुतेक रोगजंतूंना अटकाव होतो. कँडिडा मात्र अम्ल माध्यमातही तग धरते. वारेतील काही हॉर्मोने इन्शुलिनाच्या कार्यास विरोध करतात. त्यांतून गर्भकालीन मधुमेह उद्‌भवल्यास या कवकाला अधिकच पोषक परिस्थिती लाभते.

गर्भारपणात अंगावर थोडे पांढरे जाणे स्वाभाविक असते. परंतु दह्याच्या कवडीसारखा स्राव, तीव्र खाज व आग ही संसर्गाची लक्षणे होत. विकार सहसा प्राणघातक नसतो. तथापि संकोचामुळे तो लपविला जातो आणि प्रसूतीच्या वेळी अर्भकाच्या तोंडात संसर्ग होऊ शकतो. संसर्ग वारंवार होत असल्यास रक्तशर्करा तपासणे आवश्यक ठरते.

योनीतील या कवकाचे वर्णन विल्किन्सन यांनी १८४९ मध्ये केले. जेन्शन व्हायोलेट हा रंग दीर्घकाळ उपचारासाठी वापरात होता. पेनिसिलिनादी औषधांचा प्रसार झाल्यावर प्रश्न वाढला. कारण ती औषधे उपकारक जंतूंचाही नाश करतात, कवकांवर मात्र निष्प्रभ ठरतात. एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राउन यांनी १९५० मध्ये निस्टॅटिन शोधले. न्यूयॉर्क राज्यावरून त्यास हे नाव मिळाले. ते श्लेष्मकलेतून रक्तात फारसे शोषले जात नाही. गर्भाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हा गुण मोलाचा होय.

पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना १९५४ मध्ये झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. तेथेच एम्. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये हॅमायसीन प्रसिद्ध केले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळते, त्याचे स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना हे नाव पिंपरीवरून पडले आहे. निस्टॅटिनाप्रमाणेच हॅमायसीन हे पॉलिईन वर्गातील असून कवकाच्या कोशिकापटलातील अर्गोस्टेरॉलाशी संयोग पावते. पटलास छिद्रे पडून कवक मरते. योनिमार्ग, तोंड व कान यांच्या कवकसंसर्गांत ते स्थानिक उपचारासाठी वापरले गेले.

पुढे क्लोट्रिमॅझोलासारखी ॲझोल औषधे प्रचारात आली. गर्भवतीस आता सामान्यतः ॲझोल औषधे सात दिवस योनिमार्गातच वापरण्याचा सल्ला देतात. पोटात घ्यावयाचे फ्लुकोनॅझोल टाळतात. पेनिसिलिनासाठी उभारलेल्या कारखान्यातच प्रतिजैवांमुळे बळावणाऱ्या विकारावरील औषध सापडावे, हे भारतीय औषधसंशोधनाच्या इतिहासात लक्षणीय आहे.