रेणापूरच्या पोरांना नामांतराचा लढा कोण शिकवणार?

दर १७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या शाळांत झेंडा फडकतो. निजामाची राजवट १९४८ साली संपली, हे रेणापूरच्या शाळकरी पोरालाही सांगितले जाते. चांगलेच आहे. पण याच मराठवाड्यात २७ जुलै १९७८ नंतर काय घडले, हे कॉलेजातल्या पोरांना विचारून बघा.

त्या दिवशी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा खून झाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. एका नावासाठी साडेपंधरा वर्षे!

हे शिकवायचे कशाच्या आधारावर? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या, ना तारीख ना आधार अशा मजकुरावर? असा एक मजकूर खोटा निघाला, की विरोधक आपला खरा इतिहासही खोटा ठरवतात. बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्र पूर्वी कोण होते हा प्रश्न मांडला, तेव्हा ऋग्वेद आणि शांतिपर्वातले उतारे समोर ठेवून मांडला. आपल्यालाही तीच शिस्त पाळावी लागेल.

साधने आहेत. महाराष्ट्र शासन १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणांचे खंड काढत आले आहे. अठराव्या खंडाच्या तीन भागांत त्यांची मराठी भाषणे आहेत. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’चे अंक पुन्हा छापले गेले आहेत. यातले बरेच काही मोबाईलवर फुकट उतरवून घेता येते. जुने कागद शोधताना एक ध्यानात ठेवा : लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. त्यामुळे १९७८ च्या नोंदी लातूरच्या नावाने शोधाल, तर हाती काही लागणार नाही.

पण सर्वांत मोठे दफ्तर आपल्याच वस्तीत आहे. १९७८ साली जी मुलगी वीस वर्षांची होती, ती आज सत्तरीच्या घरात आहे. तिच्याकडे जा. स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळे लिहून घ्या. दुसऱ्या साक्षीदाराशी आणि त्या काळच्या वर्तमानपत्राशी ताडून बघा. नाव छापायचे की नाही, हे तिलाच ठरवू द्या. तिला आजही त्याच गावात राहायचे आहे.

येत्या १४ जानेवारीला विहारात भाषणे होतीलच. त्याआधी प्रत्येक गावातून निदान एक साक्ष लिहून झाली पाहिजे. जाळणाऱ्यांनी आपली घरे जाळली. आठवणी मात्र आपल्याच आळसाने जातील. ते होऊ द्यायचे नाही.

जय भीम!