खुब्याचा कृत्रिम सांधा : मापे व जुळवणी

रुग्णाच्या हाडाची ठेवण आणि त्याचे रोजचे बसणे-उठणे पाहून खुब्याच्या कृत्रिम सांध्याचे माप व आकार निवडण्याचे तंत्र. खुबा हा उखळीचा सांधा. शस्त्रक्रियेत कटीच्या खोबणीत वाटी बसवितात, मांडीच्या हाडाच्या पोकळीत दांडा. दांड्याच्या टोकावरचा गोळा वाटीत फिरतो.

जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये इंग्लंडच्या राइटिंग्टन रुग्णालयात वापरात आणलेल्या सांध्याचा गोळा २२.२२५ मिमी. व्यासाचा होता. दांडा अस्थिसिमेंटमध्ये बसे, त्यामुळे मापातली थोडीफार तफावत खपून जाई. सिमेंटविरहित दांड्याला ही सवलत नाही. हाडाची पोकळी वर रुंद, खाली अरुंद असते. १९८८ मध्ये नोबल व सहकाऱ्यांनी या दोन रुंदींचे गुणोत्तर मांडले. ते ३ पेक्षा कमी असल्यास पोकळी जवळजवळ सरळ नळी, ४.७ पेक्षा जास्त असल्यास नरसाळे. नरसाळ्यात जाड दांडा खाली अडकतो आणि वर सैलच राहतो. ठोकत राहिल्यास हाड तडकते.

भारतीयांचे खुबे सरासरीने पाश्चात्त्यांहून लहान असतात. तरीही ‘आशियाई माप’ ही कारखानदाराची सोय समजावी, कारण एकाच गावातल्या दोन माणसांच्या हाडांत त्याहून मोठे अंतर सापडते. आजारही हाड बदलतो. गडचिरोली, नंदुरबारकडील सिकलसेलच्या काही रुग्णांत रक्तपुरवठा तुटून तरुणपणीच खुब्याचे हाड मरते, आणि पोकळी कठीण हाडाने भरून येते. तेथे दांड्यासाठी आधी वाट कोरावी लागते.

बसण्याची रीत हा वेगळा पेच. औंढा नागनाथच्या मंदिराचा गाभारा जमिनीखाली असून अरुंद पायऱ्या उतरून वाकत आत जावे लागते. हिंगोलीकडील शेतात खुरपणी उकिडवे बसूनच होते. खुबा खोल वाकला आणि गुडघा आत वळला की गोळा मागे निखळण्याचा धोका असतो. मांडी घालताना गुडघा बाहेर जातो, म्हणून हा विशिष्ट धोका कमी. मोठा गोळा सहजी निखळत नाही, पण लहान खोबणीतल्या लहान वाटीत तो मावत नाही. मावविला तर प्लॅस्टिकचे अस्तर पातळ होते. दुहेरी फिरणारी वाटी हा त्यावरचा एक उपाय, १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये निघालेला. क्ष-किरण चित्रात सांधा खऱ्याहून मोठा दिसतो, म्हणून ठाऊक मापाची धातूची गोळी खुब्याच्या पातळीवर ठेवून चित्र घेतात व त्यावरून माप आधीच ठरवितात. शस्त्रक्रियागृहात मात्र एक माप लहान व एक मोठे हाताशी असावेच लागते.