चेक इंजिनचा पिवळा दिवा नेमका कुणासाठी?

या भागाचा विषय तुमच्याच मेसेजेसमधून आलाय. बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. गाडीला डाऊनपाईप टाकला, आवाज एकदम कडक झाला, पण डॅशबोर्डवर चेक इंजिनचा लाईट लागला. तो घालवायचा कसा?

तो घालवणारे गॅरेजवाले गावोगावी आहेत. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. हा दिवा मुळात तिथे बसवला कुणी, आणि कशासाठी? शोधायला गेलो तर थेट १९४३ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये पोहोचलो.

दुसरं महायुद्ध चालू होतं. जुलै महिन्यात एके दिवशी शहरावर दाट, तपकिरी धूर उतरला. लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला. जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी अफवा पसरली. मग संशय गेला कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाईन बनवणाऱ्या एका कारखान्यावर. तो काही काळ बंद केला, तरी धूर येतच राहिला.

कोडं सुटलं ते पुढच्या दशकात, आणि सोडवलं कुणी? अननसाच्या वासाचा अभ्यास करणाऱ्या माणसाने! ॲरी हागेन-स्मिट हे मूळचे नेदरलँड्सचे, कॅलटेकमधले जीवरसायनशास्त्रज्ञ. अननसाचा सुगंध कशाकशाने बनतो हे ते तपासत होते. तीच पद्धत त्यांनी शहराच्या हवेला लावली. गाड्यांच्या धुरातलं न जळालेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साईड कडक उन्हात एकत्र आले की त्यातून ओझोन तयार होतो, हे त्यांनी दाखवून दिलं. पुरावा म्हणून ते रबराच्या पट्ट्या वापरायचे. हवेत ओझोन असला की रबराला भेगा पडतात. तेल उद्योगाने यावर बऱ्याच शंका काढल्या, पण रसायनशास्त्र काही बदललं नाही. पुढे कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं. त्याचं संक्षिप्त नाव कार्ब. हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

आता उपाय. युजीन हूड्री नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १९५०च्या दशकातच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बनवला होता. आपल्या गॅरेजच्या भाषेत 'कॅट'. सायलेन्सरच्या आधी बसणारा हा डबा. त्यात प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूचा पातळ थर असतो आणि त्यावर विषारी वायूंचं रूपांतर कमी घातक वायूंमध्ये होतं. अडचण एकच होती. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, आणि शिशाचा थर बसला की कॅट निकामी. १९७० साली अमेरिकेने हवेचा कडक कायदा केला, शिसं नसलेलं पेट्रोल पंपावर आणलं, आणि १९७५च्या बहुतेक अमेरिकन गाड्या कॅट घेऊनच बाजारात आल्या.

इथून गोष्ट आपल्या ओळखीची व्हायला लागते. शिसंवालं पेट्रोल स्वस्त होतं, म्हणून नव्या गाड्यांच्या टाकीचं तोंड मुद्दाम अरुंद ठेवलं, जेणेकरून त्याचं नोझल आत जाऊच नये. लोकांनी काय केलं? तोंड ठोकून मोठं केलं! काहींनी कॅट काढून तिथे सरळ पाईप टाकला. तो 'टेस्ट पाईप' या साळसूद नावाने विकला जायचा. म्हणजे कॅट आला आणि त्याच्या पाठोपाठ कॅट काढणारेही आले.

त्यांची बाजूही समजून घेऊ. काही सुरुवातीच्या कॅटमध्ये गोळ्या भरलेल्या असायच्या आणि धुराला त्यातून वाट काढणं जड जायचं. त्याच काळात इंजिनंही अशक्त झाली होती. 'कॅट काढला की पॉवर वाढते' या समजुतीला तेव्हा खतपाणी मिळालं. नंतर मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचे कॅट आले आणि अडथळा खूप कमी झाला. आजच्या टर्बो गाडीत डाऊनपाईप आणि रीमॅपने ताकद वाढते हे खरंच आहे, पण साध्या पेट्रोल गाडीत बहुतेक वेळा वाढतो तो फक्त आवाज.

पुढचा टप्पा सेन्सरचा. १९७६ साली व्होल्वोने बॉशचा लॅम्डा सेन्सर गाडीत आणला. हे एक्झॉस्टला फुटलेलं नाकच म्हणा ना! धुरात ऑक्सिजन किती आहे ते हुंगायचं आणि त्यावरून इंधन कमी-जास्त करायचं. त्यामुळे एकच कॅट तीन प्रकारचे घातक वायू आवरू लागला. पण गाडी जुनी झाल्यावर कॅट काम करतोय की नुसताच लटकतोय, हे कळणार कसं? धूर तर डोळ्यांना स्वच्छच दिसतो.

म्हणून कार्बने नियम केला की गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करायची आणि बिघाड झाला की चालकाला दिव्याने सांगायचं. १९८८च्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियात हे सुरू झालं. १९९६पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कार्सना सुधारित ओबीडी-२ सक्तीचं झालं. त्यात कॅटच्या मागे दुसरा सेन्सर आला. पुढच्या सेन्सरचा आकडा सतत वरखाली होतो. कॅट धड असेल तर मागचा शांत राहतो, कारण कॅट ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो. कॅट काढला की मागचा पुढच्याची नक्कल करायला लागतो. कॉम्प्युटरला दोन्ही आकडे सारखे दिसतात, तो पी०४२० हा कोड नोंदवतो आणि दिवा लागतो.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल कार्सना कॅट आला. २००० साली शिसंवालं पेट्रोल देशभरातून गेलं. २०१३मध्ये कार्ससाठी ओबीडी-२ आलं, २०२०मध्ये बीएस-६.

आता मूळ प्रश्न. दिवा 'घालवायचे' उपाय म्हणजे सेन्सरला स्पेसर लावून धुरापासून लांब धरणं, नाहीतर ट्यूनमधून तो कोडच बंद करणं. यात बिघाड तसाच राहतो, फक्त सांगणाऱ्याचं तोंड बंद होतं. हाच खेळ फोक्सवॅगनने मोठ्या प्रमाणावर केला. चाचणी चालू आहे हे त्यांचं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं. २०१५ साली बिंग फुटलं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. त्यांना पकडणाऱ्यांत कार्ब आघाडीवर होतं आणि त्यांच्या त्या प्रयोगशाळेला नाव होतं हागेन-स्मिट यांचं!

तेव्हा मंडळी, आवाजाची हौस असेल तर कॅटला हात न लावता त्याच्या मागचा भाग बदलणारं कॅट-बॅक किट असतं. त्याने हा दिवा लागत नाही. आवाजाचे नियम आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मात्र तिथेही आहेतच, ते आधी वाचा. आणि दिवा लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका. मिसफायर होतोय, न जळालेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतंय आणि कॅट भाजून निघतोय.

मला या इतिहासात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपल्या गाडीचा धूर आपल्याला कधीच लागत नाही. काचा वर, एसी चालू. तो लागतो सिग्नलला मागे उभ्या असलेल्या स्कूटरवाल्या मावशींना आणि त्यांच्या पुढ्यात उभ्या असलेल्या पोराला. त्यांना आपल्या गाडीत येऊन काही सांगता येत नाही. त्यांच्या वतीने आत बोलणारा तो एकच पिवळा दिवा आहे. तो बंद करायचा असेल तर कॅट जागेवर बसवून करा.

तुमच्या गाडीत कोणता कोड आलाय ते कळवा. भेटू पुढच्या भागात!