तळटीप : रिद्धपूर कोणाचे?

* मूळ मजकुरात रिद्धपूर एकदा ‘निजामाचे’ आणि एकदा ‘इंग्रजांचे’ आले आहे. ही लेखकाची चूक नव्हे. रिद्धपूर वऱ्हाडात, आणि वऱ्हाड लढाईने नव्हे, कागदावर गेले. हैदराबाद कंटिन्जंट ही फौज पोसायची निजामाने, हुकूम चालायचा इंग्रज अधिकाऱ्यांचा. तिचा खर्च थकला आणि १८५३ च्या तहाने कंपनीने वऱ्हाडचा वसूल ताब्यात घेतला. मालकी म्हणे निजामाचीच! कापसाची काळी जमीन एकदा हाती आल्यावर परत कोण देतो? १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा झाला. रिद्धपूरच्या महानुभावांना किंवा मेळघाटातल्या कोरकूंना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. — संपा.