इंदिरानगरच्या गिटारीची घराणी

बेंगळुरूच्या इंदिरानगरात दोन संगीतं शेजारी नांदली. पुरंदर भवनात इंदिरानगर संगीत सभेच्या कर्नाटक मैफली, तर हंड्रेड फीट रोडवरच्या 'बीफ्लॅट'मध्ये आणि ट्वेल्थ मेनवर २०१३मध्ये उघडलेल्या 'द हमिंग ट्री'त इलेक्ट्रिक गिटार. इथल्या वादकांचा हात कुणाकडून आला?

पटकन सुचणारं उत्तर म्हणजे शहरात येऊन गेलेले पाहुणे. २००३मध्ये रोलिंग स्टोन्स आले. त्यांचा कीथ रिचर्ड्स बरेचदा सर्वांत जाड तार काढून टाकतो, उरलेल्या पाच 'ओपन जी'त लावतो आणि मोकळ्या तारांवर लय उभी करतो. २००५मध्ये आलेला मार्क नॉफ्लर मूळचा डावखुरा, पण गिटार धरतो उजव्यांसारखी. पिक न घेता अंगठा आणि दोन बोटांनी छेडल्यामुळे त्याचा प्रत्येक स्वर वेगळ्या वजनाचा येतो. २००७मध्ये पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडनचे तिघे गिटारवादक उभे राहिले. एकच धून दोन गिटारींनी तिसऱ्या स्वराच्या अंतरावरून समांतर न्यायची, ही त्यांची खूण. आणि ३० ऑक्टोबर २०११ला मेटॅलिका. जेम्स हेटफिल्ड वेगवान रिफसुद्धा केवळ खालच्या दिशेच्या आघातांनी वाजवतो, म्हणून त्याचा आवाज इतका ठोस लागतो.

पण तारखा जुळत नाहीत.

'थर्मल अँड अ क्वार्टर' हा बेंगळुरूचा बँड १९९६चा, या सगळ्या मैफलींच्या आधीचा. त्याचा गिटारवादक ब्रूस ली मणी याच्या गिटारीत जॅझचे भरगच्च कॉर्ड आहेत, फंकची तुटक लय आहे. मेडन किंवा मेटॅलिकाचा भास शोधूनही सापडत नाही. मुंबईत १९८४मध्ये सुरू झालेल्या 'रॉक मशीन'शी ताडून पाहिलं की फरक कळतो. त्या बँडचे गिटारवादक महेश तिनईकर आणि जयेश गांधी यांचा बाज हार्ड रॉकचा होता, मोठ्या मैदानावर घुमणारा. मणीचं वादन छोट्या खोलीत, कान देऊन ऐकण्याचं आहे, आणि ते जास्त धाडसी वाटतं.

खरी गंमत कर्नाटक संगीत आणि रॉक एकत्र करणाऱ्या 'अगम'सारख्या बँडांपाशी आहे. २००३मध्ये बेंगळुरूतच हा बँड जमला. गिटारीला पडदे असल्यामुळे तिच्यावर गमक, म्हणजे स्वराचं झुलणं, निघणार नाही असं वाटतं, पण सरस्वती वीणेलाही चोवीस पक्के पडदे असतात. वीणावादक तार आडवी ओढून स्वर चढवतो. इलेक्ट्रिक गिटारवादक 'बेंड' करतो तेव्हा बोट नेमकं तेच करतं. तार ओढल्यावर स्वर फक्त वर जातो. म्हणून उतरती मींड हवी असेल तर तार आधी ताणून ठेवायची, मग छेडायची आणि हळूहळू सोडायची. रॉकमध्ये याला 'प्री-बेंड' म्हणतात. वीणेच्या शिष्याच्या हातात हे तंत्र कुठलीही रॉकची कॅसेट ऐकण्याआधीच आलेलं असतं.